सर्ज प्रोटेक्टर: विजेच्या लोंढ्याला वाट कुठून द्यायची

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच पावसात आमचा टीव्ही गेला. वीज आमच्या अंगणात पडली नव्हती. लखलखाट आणि कडकडाट यांच्यात दोन-तीन सेकंदांचे अंतर होते, म्हणजे ती पाऊण-एक किलोमीटरवर कुठेतरी पडली असावी. टीव्हीची पिन ज्या बोर्डात खोचलेली होती त्यावर ‘स्पाइक गार्ड’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्याचा लाल दिवा दुसऱ्या दिवशीही नेमाने लागत होता. रागाच्या भरात मी स्क्रू काढून तो बोर्ड उघडला. आत पितळेच्या तीन लांब पट्ट्या, एक स्विच आणि तो लाल निऑन दिवा एवढाच ऐवज होता. फेजच्या आणि न्यूट्रलच्या पट्टीला जोडणारी, बोटाच्या पेराएवढी रुंद निळी चकती जिथे असायला हवी होती, तिथे काहीच नव्हते. लाल दिवा बोर्डात वीज असल्याचे सांगत होता. संरक्षण असल्याचे तो कधीच सांगत नव्हता.

स्पाइक गार्ड हा सर्ज प्रोटेक्टरचाच, म्हणजे विजेच्या क्षणिक लोंढ्यापासून उपकरणे वाचवणाऱ्या साधनाचाच, एक प्रकार. ती चकती हाच त्याचा जीव असल्यामुळे तिची ओळख आधी करून घ्यायला हवी. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत बिस्मथसारख्या धातूंची ऑक्साइडे थोड्या प्रमाणात मिसळून, ती भुकटी दाबून आणि भट्टीत भाजून ही चकती तयार होते; म्हणजे जातकुळीने ती चिनीमातीच्या कपबशीची नातेवाईक आहे. तिच्या आत असंख्य सूक्ष्म कण एकमेकांना चिकटलेले असतात. दोन कणांच्या सीमेवर साधारण तीन व्होल्टपर्यंतचा दाब अडवला जातो, आणि त्याहून जास्त दाब आला की ती सीमा मोकळी होऊन प्रवाह पुढे जाऊ देते. चकती जितकी जाड, तितक्या अधिक सीमा एकापुढे एक येतात आणि तितक्या वरच्या व्होल्टेजला ती उघडते; चकती जितकी रुंद, तितका मोठा प्रवाह ती झेलू शकते. घरगुती वापराच्या चकतीवर बहुधा २७५ हा आकडा छापलेला असतो. आपल्या घरातील २३० व्होल्टचा पुरवठा थोडाफार वर गेला, तरी २७५ व्होल्टपर्यंत ही चकती अंगावर वीज घेऊन वर्षानुवर्षे गप्प बसून राहू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. २७५ छापलेली चकती व्होल्टेज २७५ वर रोखून धरत नाही. २३० व्होल्ट हा प्रत्यवर्ती विजेचा सरासरी काढण्याच्या एका रीतीने आलेला आकडा आहे. त्या लाटेचे शिखर मुळातच ३२५ व्होल्टच्या आसपास असते, आणि त्या शिखरालाही चकतीने गप्पच राहायचे असते. सुमारे ५० अँपिअरचा झटका आला, तर अशा चकतीच्या दोन टोकांमध्ये ७०० व्होल्टच्या आसपास दाब उरतो, आणि झटका मोठा असेल तर त्याहून अधिक. उपकरणाला तेवढा दाब सोसावा लागतोच. तो सोसता येतो, कारण २३० व्होल्टवर चालणारी फ्रीज-मिक्सरसारखी उपकरणे क्षणभराचा अडीच हजार व्होल्टचा आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू दीड हजार व्होल्टचा झटका सहन करतील, असे आंतरराष्ट्रीय मानकांनी गृहीत धरलेले आहे. प्रोटेक्टरचे काम लोंढा शून्य करण्याचे नसून त्याला दीड हजाराच्या खाली आणण्याचे आहे.

सर्ज म्हणजे नेमके काय, तेही इथेच पाहू. आपल्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. सर्ज प्रोटेक्टरची चाचणी घेताना जो प्रमाणित झटका देतात, तो ८ मायक्रोसेकंदांत शिखरावर पोचतो आणि २० मायक्रोसेकंदांपर्यंत निम्म्यावर उतरतो. म्हणजे एका लाटेच्या हजाराव्या भागात सगळा खेळ आटोपतो. स्टॅबिलायझरमधील रिले, म्हणजे आपोआप हलणारा स्विच, हलायलाही कित्येक मिलिसेकंद लागतात. त्याला या झटक्याचा पत्ता लागेपर्यंत तो येऊन गेलेला असतो. स्टॅबिलायझर आहे म्हणजे सर्जपासून संरक्षण आहे, ही समजूत चुकीची आहे ती यामुळेच. असा झटका येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. आकाशातील वीज ओव्हरहेड तारांवर पडते, किंवा तारांपासून काही अंतरावर पडूनही तारांमध्ये दाब निर्माण करते. आणि दुसरे म्हणजे मोटरी, पंप, कॉम्प्रेसर बंद-चालू होताना किंवा गेलेली लाईट परत येताना तारांमध्ये लहान झटके उठतात. लहान झटक्यांनी एखादी वस्तू लगेच जळत नाही, पण व्हॅरिस्टर मात्र प्रत्येक झटक्यागणिक थोडाथोडा झिजतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सर्ज प्रोटेक्टर विजेला अडवत नाही. तो उपकरणाच्या शेजारी समांतर जोडलेला असतो आणि लोंढा आला की त्याला दुसरी वाट करून देतो. धरणाचा सांडवा डोळ्यांसमोर आणावा. पाणी ठरावीक पातळीखाली असेपर्यंत सांडवा कोरडा असतो. पातळी चढली की जादा पाणी त्यावरून जाते आणि भिंत वाचते. पण सांडव्याखाली पाणी वाहून नेणारा नालाच नसेल, किंवा तो अरुंद आणि वळणावळणाचा असेल, तर सांडवा कितीही भक्कम बांधला तरी पाणी गावात शिरणारच. घरातील नाला म्हणजे अर्थिंगची वायर. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधील चकती अर्थिंगवाचूनही थोडे काम करते, हे खरे. परंतु आकाशातील विजेमुळे येणारा लोंढा पुष्कळदा फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना जमिनीच्या तुलनेत एकदमच वर उचलतो, आणि तो उतरवायला अर्थिंगखेरीज दुसरी जागा नाही.

आणि अर्थिंगची आपल्याकडची अवस्था बिकट आहे. जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसते. काही ठिकाणी तर अर्थची वायर ओढण्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा टाकून जोडलेले असते. हा निव्वळ आळस नसून जिवावरचा खेळ आहे, कारण मागे कुठे न्यूट्रल सुटला की फ्रीजच्या आणि गीझरच्या पत्र्यावर थेट वीज येते. कोकणात घराखाली जांभा असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो, पण एप्रिल-मे महिन्यांत इतका कोरडा पडतो की त्यातील अर्थिंगचा खड्डा जवळजवळ निकामी होतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत येतात. देशावरची काळी माती ओलावा धरते आणि वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की ती अर्थिंगच्या रॉडला सोडून बाजूला होते. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याची जुन्या वायरमन मंडळींची सवय शास्त्राला धरून आहे. खड्ड्यातील पाइपाला वायर जिथे क्लॅम्पने आवळलेली असते, तो सांधा गंजलेला नाही ना, हे वर्षातून एकदा पाहावे. मेन स्विच बंद न करता त्याला हात लावू नये.

इथे कुणी म्हणेल की, अर्थिंगचा रोध पाच ओहमवरून दोनवर, असा होईल तितका कमी केला म्हणजे झाले. माझेही बरीच वर्षे तेच मत होते. हिशेब करून पाहिल्यावर ते बदलले. समजा, पाच हजार अँपिअरचा लोंढा पाच ओहमच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरला, तर घराची अर्थपट्टी, म्हणजे अर्थच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती पट्टी, दूरच्या जमिनीच्या तुलनेत क्षणभर २५ हजार व्होल्टवर जाईल. तरीही घरातील वस्तू वाचू शकतात, मात्र एकाच अटीवर: घरात येणारी प्रत्येक तार त्या एकाच अर्थपट्टीशी बांधलेली असली पाहिजे. तसे असेल तर सगळेच एकदम वर चढते आणि एकदमच खाली येते. पाणी चढल्यावर होडीतील माणसे एकमेकांपासून लांब जात नाहीत, तसेच हे आहे. घात होतो तो एखादी तार वेगळ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असते तेव्हा.

आमच्या टीव्हीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण काढून दाखवले, तेव्हा पॉवर सप्लायचा बोर्ड धडधाकट होता. जळाली होती ती सेट-टॉप बॉक्सची केबल जिथे येते ती एचडीएमआयची बाजू, आणि सेट-टॉप बॉक्स तर पुरता गेला होता. गच्चीवरील डिश लोखंडी कठड्याला बांधलेली, कठडा घराच्या सळ्यांना टेकलेला, आणि डिशची केबल मात्र घराच्या अर्थिंगशी कुठेही न जुळवता थेट टीव्हीमागे आलेली. लोंढा विजेच्या तारेने आलाच नव्हता. माझ्या त्या पोकळ स्पाइक गार्डमध्ये उत्तम चकती असती, तरी टीव्ही गेलाच असता. बोर्ड विकणाऱ्यावरचा माझा राग त्यामुळे कमी झाला नाही, पण घरातील संरक्षण म्हणजे एका पिनेपुरती गोष्ट नाही, एवढे मात्र कळले.

बसवण्याकडे वळण्यापूर्वी, सर्ज प्रोटेक्टर कोणत्या संकटात उपयोगी पडत नाही ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या गावांत आणि लहान शहरांत ‘हाय व्होल्टेज येऊन सगळे जळाले’ अशा ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांतील अनेकांचा सर्जशी संबंध नसतो. डीपीवरून, म्हणजे गल्लीतील ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो, आणि शेजारपाजारची घरे वेगवेगळ्या फेजवर असतात. वाटेत न्यूट्रल तुटला किंवा त्याचा सांधा ढिला झाला, तर दोन फेजवरची घरे ४०० व्होल्टच्या मध्ये एकापुढे एक अशी जोडली जातात. ज्या घरात त्या वेळी कमी उपकरणे चालू असतात, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. ते तीनशेच्या पुढे, अगदी चारशेच्या जवळही जाऊ शकते. शेजारी दिवे मंद झाले आणि आपले एकाएकी भगभगीत झाले, तर ही न्यूट्रलचीच खूण समजावी, तत्काळ मेन स्विच बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावे. हे जास्तीचे व्होल्टेज मायक्रोसेकंदांचे नसून मिनिटांचे असते. व्हॅरिस्टर त्यात सतत उघडा राहतो, तापतो, आणि चांगल्या बनावटीचा असेल तर त्यातील उष्णतेने वितळणारा सांधा त्याला तारेपासून सोडवतो. हलक्या बनावटीचा असेल तर तो पेट घेऊ शकतो. या संकटावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाचे वेगळे उपकरण लागते. ते व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेले की पुरवठाच तोडते आणि सगळे स्थिर झाल्यावर पुन्हा जोडते. गावाकडच्या घरात पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर मी आधी हे उपकरण घ्यायला सांगेन.

आता खरा सर्ज प्रोटेक्टर, ज्याला वायरमन आणि दुकानदार एसपीडी म्हणतात. त्याचे तीन प्रकार आहेत. टाइप १ हा इमारतीवर तडितरोधक असेल तर, किंवा थेट विजेचा धोका मोठा असेल तिथे, वीज घरात शिरते त्या जागी लागतो. टाइप २ हा घराच्या डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) पेटीत बसतो आणि सर्वसाधारण घरासाठी तोच महत्त्वाचा आहे. टाइप ३ म्हणजे उपकरणाजवळचा, अर्थात खराखुरा स्पाइक गार्ड. टाइप २ घेताना त्याच्या अंगावर आयईसी ६१६४३-११ या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि तीन आकडे वाचावेत. सतत सोसण्याचे व्होल्टेज २७५ किंवा ३२० असावे. जिथे व्होल्टेज नेहमीच चढे असते तिथे ३२० बरे. झटक्यानंतर उरणारा दाब, म्हणजे प्रोटेक्शन लेव्हल, दीड किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी असावी. आणि झटक्याची नाममात्र (नॉमिनल) क्षमता, म्हणजे एसपीडी पुनःपुन्हा झेलू शकेल तेवढा झटका, २० किलोअँपिअर असली तर घराला पुरते. मोठमोठ्या अक्षरांत छापलेला ४० किलोअँपिअरचा आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो, म्हणून तुलना करताना नाममात्र आकड्याची नाममात्र आकड्याशीच करावी.

आपल्याकडच्या बहुतेक घरांना स्वतःचा अर्थिंगचा खड्डा असतो. अशा ठिकाणी सिंगल फेजसाठी ‘१+१’ रचनेचा एसपीडी मागावा. त्यात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये व्हॅरिस्टर असतो, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायू भरलेली ठिणगीची नळी असते. नळी एरवी पूर्ण बंद असल्यामुळे, व्हॅरिस्टर म्हातारा होऊन गळू लागला तरी अर्थमध्ये वीज झिरपत नाही. थ्री फेज घराला याच धर्तीचा ‘३+१’ लागतो. त्याची जागा मेन स्विचच्या पुढे आणि आरसीसीबीच्या (अर्थकडे वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) आधी असावी, म्हणजे लोंढा आरसीसीबीमधून न जाता बाहेरच्या बाहेर उतरतो. बनवणाऱ्याने सांगितलेल्या क्षमतेचा एमसीबी किंवा फ्यूज त्याच्यामागे असावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, कारण मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलांवर वीज असतेच.

वायरमन कितीही अनुभवी असला तरी त्याच्या शेजारी उभे राहून एक गोष्ट पाहावी. आमच्याकडे आलेल्या गृहस्थाने एसपीडी छान आडव्या पट्टीवर बसवला, आणि मग पुढे कधी लागली तर असावी म्हणून हिरव्या वायरचे हातभर जास्तीचे वेटोळे करून ते पेटीच्या तळाशी नीट बांधून ठेवले. दिसायला काम सुबक होते, पण त्या वेटोळ्याने एसपीडीची निम्मी किंमत पाण्यात गेली असती. सरळ वायरच्या प्रत्येक मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री प्रेरकता, म्हणजे प्रवाहातील झटपट बदलाला विरोध करण्याचा गुण, असते. दर मायक्रोसेकंदाला एक हजार अँपिअरने चढणारा प्रवाह त्यातून गेला, तर त्या एका मीटरवरच एक हजार व्होल्ट उभे राहतात आणि ते एसपीडीच्या दीड हजारात मिळवले जातात. वेटोळे केले तर आणखीच जास्त. म्हणून फेजकडची आणि अर्थकडची मिळून एकूण वायर अर्ध्या मीटरच्या आत असावी, वाकण्याऐवजी सरळ जावी, आणि अर्थची वायर तांब्याची, किमान सहा स्क्वेअर मिलिमीटरची असावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे, एसपीडीच्या टर्मिनलला तेवढा भार चालत असेल तर, येणारी फेज आणि न्यूट्रलची वायर आधी त्याच्या टर्मिनलवर आणावी आणि तिथूनच पुढे एमसीबीकडे न्यावी. मग एसपीडीकडे फुटणाऱ्या वायरच्या फांदीची लांबी जवळजवळ शून्य होते. मी वेटोळे कापायला सांगितले तेव्हा त्यांना ते वायरीची नासाडी वाटले.

डीबीतील एसपीडीपासून उपकरण दहा मीटरहून लांब असेल, तर वाटेतील वायरमध्ये दाब पुन्हा चढू शकतो. अशा खोलीत टीव्ही, संगणक, राउटर यांच्याजवळ टाइप ३ लावावा, आणि शक्यतो ज्याच्यातून डिशची केबल किंवा लॅनची वायरही आत घालून बाहेर काढता येते असा घ्यावा, म्हणजे त्या खोलीपुरती एकच अर्थपट्टी तयार होते. इंटरनेट फायबरने येत असेल तर त्या वाटेची चिंता नाही, कारण काच वीज वाहत नाही; राउटरच्या अडॅप्टरची वाट मात्र उरतेच. छतावर सोलर असेल तर पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारांसाठी वेगळा, डीसीचा एसपीडी लागतो. एसीचा तिथे चालत नाही.

एकदा बसवल्यावर देखभाल अशी फारशी नाही, पण नजर ठेवावी लागते. बहुतेक एसपीडींवर लहानशी खिडकी असते. ती हिरवी असेपर्यंत आतला सांधा शाबूत आहे, लाल झाली की कार्ट्रिज, म्हणजे आतला उपसून बदलता येणारा भाग, निकामी झाले. निकामी झाल्यावरही घरातील वीज नेहमीसारखी चालू राहते, त्यामुळे लाल खिडकी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि हस्ताच्या गडगडाटी पावसानंतर असे वर्षातून दोनदा डीबीचे झाकण उघडून पाहण्याची सवय ठेवावी. कार्ट्रिज बदलताना त्याच कंपनीचे, त्याच व्होल्टेजचे घ्यावे. घराच्या वायरिंगची मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणातून गळती होते का ते पाहणाऱ्या यंत्राने, तपासणी करायची असेल, तर आधी ते उपसून बाजूला ठेवावे. नाहीतर ५०० व्होल्टच्या तपासणीत व्हॅरिस्टर उघडतो, मेगर वायरिंग खराब असल्याचे सांगतो आणि नसलेला दोष शोधत दिवस जातो. आरसीसीबी विनाकारण वारंवार पडू लागला, तर अर्थशी जोडलेले जुने स्पाइक गार्ड एकेक काढून पाहावेत. गळू लागलेला व्हॅरिस्टर हे त्याचे एक नेहमीचे कारण असते.

वीज थेट घरावर किंवा दारातील खांबावर पडली, तर घरगुती टाइप २ कडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. आकाश भरून आले की पिना काढून ठेवण्याची आजीची रीत म्हणूनच अजून बाद झालेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, त्याचा इथे उपयोग होतो. पिना काढायच्या त्या गडगडाट जवळ येण्याआधी, डोक्यावर विजा चमकत असताना नव्हे. आणि टीव्हीची पिन काढताना त्याच हाताने डिशची केबलही सोडवायची.